गटाराची धर्ममाय

एलोदियाला कुणालाही नाही म्हणता येत नसे, आणि तिच्या घरातलं सांडपाणी काही केल्या बाहेर जात नसे. पहिलं दुखणं जन्माचं होतं, दुसरं सत्तर वर्षांचं. दुसऱ्यावर इलाज करायला तेओसेलोहून निकांद्रो मेस्त्री आला आणि पहिलं असं चिघळलं की सगळ्या गल्लीची करमणूक झाली.

आधी सांडपाण्याचं बोलू. मेक्सिकोतल्या कोआतेपेक गावातलं हे घर तिच्या सासऱ्यानं बांधलं तेव्हा जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या घातल्या होत्या. हात हात लांबीच्या, एकीच्या तोंडात दुसरी, सांध्याला चुना. स्वयंपाकघराची मोरी, न्हाणीघर आणि कपडे धुण्याचं दगडी टाकं यांचं पाणी या नळ्यांतून अंगणाखालून, मग बैठकीच्या खोलीखालून रस्त्यातल्या मोठ्या गटाराला मिळायचं. मिळायचं म्हणजे मिळावं अशी सासऱ्यांची इच्छा होती. अंगणातल्या संत्र्यानं सांध्यांतून मुळं आत घातली होती, आणि ते झाड गेली वीस वर्षं एलोदियाच्या आंघोळीच्या पाण्यावर पोसलं जात होतं. संत्री गोड होती, पण त्यांना साबणाचा वास येतो असं समोरची कासिल्दा म्हणायची. मोरीत भांडी घासली की न्हाणीघर ढेकर द्यायचं. एप्रिलात एके दिवशी एलोदियानं काळ्या घेवड्याचं पाणी मोरीत ओतलं आणि ते न्हाणीघरातून वर आलं, दाण्यांसकट. तेव्हा तिनं हात टेकले.

आता दुसरं. एलोदिया अठ्ठावन्न वर्षांची, नऊ वर्षांपासून विधवा. बाप्तिस्म्याचे झबलेटोपरे आणि बाळयेशूचे कपडे शिवून पोट भरायची. चेहरा गोल, हसली की डोळे मिटायचे, आणि ती फार हसायची. अशा बाईकडे लोक हक्कानं मागायला येतात. आता मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाय, म्हणजे आईच्या जागी उभी राहणारी बाई लागते, हे समजू शकतं. पण आमच्याकडे मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला केकची एक धर्ममाय लागते, बुटांची वेगळी, मुकुटाची वेगळी. फुटबॉलच्या संघाला लागते, नव्या टॅक्सीला लागते, दुकानाचं शटर पहिल्यांदा वर जाताना लागते. आणि एकदा धर्ममाय झालं की समोरचा माणूस आपला कोम्पाद्रे आणि आपण त्याची कोमाद्रे, म्हणजे देवासमक्ष भाऊबहीण. कोम्पाद्रेच्या घरी मयत झाली तर सगळ्यांआधी पोचायचं, सणाला त्याच्याकडे डबा पाठवायचा, आणि त्याच्याकडे वाकड्या नजरेनं सोडाच, सरळ नजरेनंही फार वेळ बघायचं नाही. मागायला आलेल्याला नाही म्हणणं हा त्याच्या घराण्याचा अपमान. एलोदियाला मागणाऱ्याचं वाक्य पुरं होण्याआधीच हो म्हणायची खोड होती. तिचे त्रेसष्ट कोम्पाद्रे होते.

त्यामुळे झालं असं, की गावात जो जो विधुर जरा बरा म्हणावा असा होता, तो तिचा भाऊ होऊन बसला होता. पाववाला केकमुळे. टॅक्सीवाला टॅक्सीमुळे. औषधाच्या दुकानातला लेओबार्दो दोन वर्षांपूर्वी चॉकलेटचा डबा घेऊन आणि केसांना तेल लावून आला होता, तेव्हा तिनं त्याला आठवण करून दिली की त्याच्या दुकानातल्या फ्रिजची ती धर्ममाय आहे. खरं सांगायचं तर तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला होता, कारण लेओबार्दो बोलतानाही गोळ्या मोजल्यासारखा बोलायचा. “कोम्पाद्रे,” ती म्हणाली होती, “भावाबहिणीत असलं काही शोभत नाही.” तो डबा ठेवून गेला. चॉकलेटं तिनं आणि कासिल्दानं एका बैठकीत संपवली.

निकांद्रो मेस्त्री तेओसेलोचा होता, म्हणजे तीन गावं सोडून. तो कुणाचाच काही नव्हता. बासष्ट वर्षांचा, विधुर, उंच, पांढऱ्या मिशा, आणि गटाराचं काम करणारा असून रोज इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. कामाला लागताना तो काढून संत्र्याच्या फांदीवर हँगरला टांगायचा. पहिल्या दिवशी तो बैठकीच्या खोलीत गुडघ्यांवर बसला, फरशीला कान लावला, एलोदियाला न्हाणीघरात बादली ओतायला सांगितली आणि डोळे मिटून ऐकत राहिला. डॉक्टर ऐकतात तसं. एलोदिया परत आली तरी तो तसाच होता.

“काय म्हणतंय?” तिनं विचारलं.

“थकल्यात,” तो म्हणाला. “यांनी सत्तर वर्षं एका शब्दानं तक्रार केली नाही. आता यांना घरी पाठवू या.”

नऊ वर्षांत तिच्याशी कुणी इतकं छान बोललं नव्हतं, आणि हा माणूस तर नळ्यांबद्दल बोलत होता. एलोदिया स्वयंपाकघरात गेली आणि कारण नसताना कांदे चिरायला लागली.

काम आठ दिवसांचं ठरलं होतं. मेस्त्रीबरोबर त्याचा मेव्हणा तिबुर्सिओ यायचा, पन्नाशीचा, आडवा, भाविक आणि न थांबता बोलणारा. दोघांनी अंगणाची फरशी उचलली, कमरेइतका चर खणला, आणि भाजक्या नळ्या एकेक करून वर यायला लागल्या, केसाळ मुळांनी भरलेल्या. दहा वाजता एलोदिया त्यांना न्याहारी द्यायची. तव्यावरच्या जाड भाकऱ्या, वर घेवडा आणि चीज, आणि कॉफी. तिबुर्सिओ पाच खायचा. मेस्त्री तीन खायचा, पण कॉफी दोनदा घ्यायचा, आणि दुसऱ्या कपाला इतका वेळ लावायचा की तिबुर्सिओ चरात जाऊन एकटाच फावडं मारत बसायचा.

आठाचे बारा दिवस झाले, बाराचे सोळा. कधी सिमेंट ओलं निघालं, कधी चेंबरची वीट मनासारखी बसली नाही. बसलेली वीट मेस्त्री पुन्हा काढायचा आणि लांबून बघायचा. कासिल्दा रोज सकाळी झाडू घेऊन आपल्या उंबऱ्यात उभी असायची.

“काय गं, बोगदा नेतायत का मेक्सिको शहरापर्यंत?”

“नीट काम करतात ते. घाई नाही त्यांना.”

“ते दिसतंय. तुलाही नाहीय. रोज कानात डूल घालून गटाराचं काम बघायला बसतेस.”

एलोदियानं डुलाला हात लावला. आपण डूल घातलेत हे तिला तोवर माहीत नव्हतं, असं तिनं दाखवलं.

सतराव्या दिवशी तिबुर्सिओ वाळू आणायला गेला आणि मेस्त्रीला उताराची खूण करायची होती. त्यासाठी पाण्यानं भरलेली लांब पारदर्शक नळी घेतात. एक टोक एका माणसाकडे, दुसरं दुसऱ्याकडे, मध्ये भिंती असल्या तरी दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीला येऊन थांबतं. मेस्त्री न्हाणीघरात एक टोक धरून उभा राहिला आणि दुसरं एलोदियाच्या हाती देऊन त्यानं तिला बैठकीच्या खोलीत पाठवलं.

“पाणी खुणेवर आलं का?” त्यानं तिकडून विचारलं.

“थोडं वर आहे.”

“आता?”

“आता खाली गेलं.” गेलं कारण तिनं टोक खाली घेतलं होतं.

“दोन्या एलोदिया, तुमच्या बाजूचं पाणी फार नाचतंय.” दोन्या म्हणजे बाईसाहेब, आणि तो हे फार अदबीनं म्हणायचा.

“हात थरथरतो हो. वय झालं.”

तिकडे मेस्त्री खाकरला. मग आवाज आला, “मग माझंही झालं असणार. माझ्याही बाजूला नाचतंय.”

एक खूण करायला त्यांना पाऊण तास लागला. तिबुर्सिओ वाळू घेऊन परत आला तेव्हा दोघं दोन खोल्यांत, एकमेकांना दिसत नसताना, हातात नळीचं टोक धरून येड्यासारखे हसत होते. त्या दुपारी एलोदियानं एका झबल्याला तीन बाह्या शिवल्या. हा माणूस मला हवा, असं तिनं मशीनला स्पष्ट सांगितलं. मशीन बंद करून पुन्हा सांगितलं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईनं असं म्हणावं का, हा प्रश्न तिच्या मनात आला आणि उभ्या उभ्याच परत गेला.

आणि दुसऱ्या दिवशी घोटाळा झाला.

तीन मे आठवड्यावर आला होता. तीन मे म्हणजे पवित्र क्रुसाचा दिवस, गवंड्यांचा सण. जिथं जिथं बांधकाम चालू असेल तिथं मजूर फुलांनी आणि रंगीत कागदांनी सजवलेला लाकडी क्रूस उभारतात, मालक सगळ्यांना जेवण घालतो, आणि त्या दिवशी थापीला कुणी हात लावत नाही. क्रुसाला धर्ममाय लागते. ती तो हातात घेऊन सगळ्यांच्या पुढे देवळात जाते, आशीर्वाद घेऊन परत आणते, आणि कामाच्या मेस्त्रीची जन्मभराची कोमाद्रे होते. सहसा क्रूस इमारतीच्या माथ्यावर लावतात. गटाराला माथा नसतो, त्यामुळे गटारवाल्यांचा क्रूस कुणी मनावर घेत नाही. पण तिबुर्सिओ भाविक होता, आणि आपल्या मेव्हण्यानं रोज तीनच भाकऱ्या खाऊन दोन कप कॉफी का प्यावी हे त्याला अजून उमगलं नव्हतं. त्याला वाटलं, बाई चांगली आहे, पोटभर खाऊ घालते, हिचा मान केला पाहिजे. तो टोपी छातीशी धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

“दोन्या एलोदिया, आम्ही गरीब माणसं. पण आमचा क्रूस आहे, आणि आमची इच्छा होती की तुम्ही त्याची...”

“हो,” एलोदिया म्हणाली. तिच्या हातात थापलेली भाकरी होती, लक्ष तव्यावर होतं, आणि हो हा शब्द जिभेवर तयारच बसलेला असायचा. “आनंदानं.”

“...धर्ममाय व्हावी,” तिबुर्सिओनं वाक्य पुरं केलं.

भाकरी तव्याऐवजी जमिनीवर पडली.

बाहेर चरातून मेस्त्रीचं डोकं हळूहळू वर आलं. त्यानं ऐकलं होतं. मिशांवर माती होती. त्यानं एलोदियाकडे बघितलं, मग तिबुर्सिओकडे, आणि आपल्या मेव्हण्याला याच चरात पुरावं का असा विचार करणाऱ्या माणसासारखा काही वेळ बघतच राहिला.

“झालं तर मग,” तो शेवटी म्हणाला. “मोठा मान आहे आमचा. कोमाद्रे.”

आणि डोकं खाली गेलं. त्या दिवशी त्यानं कॉफी एकदाच घेतली, तीही उभ्यानं. एलोदियाला वाईट वाटलं आणि आनंदही झाला, कारण ज्याला काही वाटत नाही त्याचा चेहरा असा पडत नाही. रडू आणि हसू एकदम आलं. ते दोन्ही तिनं शिलाई मशीनवर बसून उरकलं.

“तुझ्या जिभेला खरं तर झडप बसवून घ्यायला हवी मेस्त्रीकडून,” संध्याकाळी कासिल्दा म्हणाली. माया दाखवायची तिची हीच पद्धत, चिडून बोलायचं. “गावातले सगळे पुरुष भाऊ करून झाले. एक परगावचा आला, तोही करून टाकला. आता पुढचा रेल्वेनं मागवायचा का?”

“अजून धर्ममाय झाले नाहीय. तीन तारखेला होईन.”

“शब्द दिलास ना? मग झालीसच.”

एलोदिया पाद्रीबाबांकडे गेली. म्हातारे पाद्रीबाबा कोंबड्यांना दाणे टाकत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाळ, देवळाच्या कायद्यात धर्ममाय बाप्तिस्म्याची. बाकीचं लोकांचं प्रेम आहे, चांगलं आहे, पण त्यानं लग्नाला अडसर होत नाही. गटाराच्या नळीला आत्मा नसतो.”

“म्हणजे मी क्रुसाची धर्ममाय झाले तरी...”

“तरी तू कुणाची बहीण होत नाहीस.”

एलोदिया देवळाच्या पायऱ्या अशा उतरली की फुलं विकणाऱ्या बाईनं तिला पोरगी समजून हाक मारली. ती चौक ओलांडत होती तेवढ्यात औषधाच्या दुकानाच्या दारातून लेओबार्दो बाहेर आला. त्याला सगळं कळलं होतं. कोआतेपेकमध्ये एखादी गोष्ट कासिल्दाला कळली की ती छापून आल्यासारखीच असते.

“कोमाद्रे, पाद्रीबाबा काय म्हणाले?”

खोटंही तिला बोलता येत नसे. तिनं सांगितलं.

लेओबार्दोनं एक एक शब्द मोजून ठेवला. “म्हणजे, गटाराच्या क्रुसानं भाऊबहीण होत नाहीत. म्हणजे, फ्रिजनंही होत नाहीत.” त्याचा चेहरा उजळला. “मग मी सण झाल्यावर रविवारी येतो. चॉकलेट घेऊन.”

“कोम्पाद्रे...”

“आता मला कोम्पाद्रे म्हणू नका.”

ती घरी आली ती पाय ओढत. नियम मोडावा तर त्रेसष्टच्या त्रेसष्ट सुटे होतात, पाववाला, टॅक्सीवाला, सगळे. आणि ज्यांना तिनं त्याच नियमावर बोट ठेवून परत पाठवलं, ते म्हणणार की बाईला हवं तेव्हाच भाऊबहिणीचं नातं आठवतं. ते बरोबरच म्हणणार होते. नियम पाळावा तर मेस्त्री गेला. तिनं पुन्हा कांदे काढले. या वेळी कारण होतं, सणाच्या जेवणाला, चाळीस माणसांच्या मोलेच्या रश्शाला कांदे लागणारच होते.

पुढचे पाच दिवस घरात इतकं काम झालं की विचारू नका. नव्या पीव्हीसीच्या नळ्या बसल्या, मीटरमागे दोन सेंटीमीटर उतार, चेंबरच्या विटा पहिल्याच फटक्यात बसल्या. मेस्त्रीनं एकही वीट दुसऱ्यांदा उचलली नाही. दोन तारखेला त्यानं न्हाणीघराच्या तोंडातून एक हिरवं लिंबू आत सोडलं आणि वर बादली ओतली. तिबुर्सिओ रस्त्याकडच्या चेंबरवर वाकून बसला होता. एलोदिया मध्ये अंगणात, उघड्या चरावर कान देऊन. लिंबू तिच्या पायांखालून टकटक करत पळालं आणि पुढच्या चेंबरमध्ये टुणकन उडी मारून बाहेर आलं. सत्तर वर्षांत त्या घरातून काही इतक्या आनंदानं बाहेर गेलं नव्हतं. तिबुर्सिओनं टाळ्या पिटल्या. मेस्त्री हात धूत होता.

“परवा चर बुजवला की संपलं काम, कोमाद्रे,” तो बादलीकडे बघून म्हणाला.

तीन तारखेला सकाळी आठलाच सगळी गल्ली अंगणात जमली. मोले रात्रीचंच तयार होतं, काळंभोर, तिखटगोड, मनुका आणि बदाम घातलेलं, आणि त्याच्या वासानं दोन गल्ल्यांपलीकडचेही लोक आपण गवंडी आहोत असं सांगत आले होते. मुलांच्या हातात उडवायचे बाण. पाववाला होता, टॅक्सीवाला होता, लेओबार्दो नव्या टायमध्ये होता. तिबुर्सिओनं क्रूस निळ्या रंगानं रंगवला होता, गुलाबी कागदाची झालर, पांढरी ग्लॅडिओली, मधोमध नाव लिहिलेलं: एलोदिया. चर फुलांनी झाकला होता. मेस्त्री त्याच्या पलीकडे उभा होता, शर्टाला इतकी कडक इस्त्री की खांदे हलवता येत नव्हते, आणि नजर बुटांवर.

“तर मग,” तिबुर्सिओनं घसा साफ केला, “आमच्या क्रुसाची धर्ममाय, जिनं आम्हाला खाऊ घातलं, पाणी दिलं, आमचा मान ठेवला...” त्यानं क्रूस तिच्यापुढे धरला.

एलोदियाचे हात सवयीनं पुढे गेले. अर्ध्यावर पोचले. एवढ्या वेळात मेस्त्रीनं एकदा वर बघितलं, आणि लगेच पुन्हा बुटांकडे.

“नाही,” एलोदिया म्हणाली.

कुणालाच कळलं नाही, कारण हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. तिबुर्सिओनं क्रूस आणखी पुढे केला.

“नाही तिबुर्सिओ. मी नाही होणार.”

आता सगळ्यांना कळलं. तिबुर्सिओनं क्रूस छातीशी घेतला. “आमचं काही चुकलं का, दोन्या?”

“तुमचं काही नाही चुकलं. मी चुकले. तुम्ही मला मोठा मान दिलात आणि मी ऐकून न घेता हो म्हटलं. तुमच्या पाया पडून माफी मागते, पण हा क्रूस मी धरला तर मेस्त्री माझे भाऊ होतील.” तिनं श्वास घेतला. कानांतले डूल हलत होते. “मला त्रेसष्ट भाऊ आहेत. मला मेस्त्री भाऊ म्हणून नकोत.”

मागून कुणीतरी “आयला” म्हणालं. लेओबार्दो पुढे सरकला. “आणि माझा फ्रिज?”

“फ्रिजची मी धर्ममाय आहे आणि मरेपर्यंत राहीन, कोम्पाद्रे. नियम म्हणजे नियम. म्हणून तर हा क्रूस घेत नाहीय.”

लेओबार्दोनं हे दोनदा मनात मोजलं. हिशेब बरोबर होता. त्यानं टाय सैल केला.

तिबुर्सिओ मात्र क्रूस धरून तसाच उभा, डोळ्यांत पाणी. बिनधर्ममायेचा क्रूस घेऊन माणूस देवळात जातो कसा? तेव्हा कासिल्दा गर्दीतून कोपरं मारत आली आणि तिनं क्रूस त्याच्या हातातून ओढूनच घेतला.

“आण इकडे. मला नवरा आहे, तो पुरे झालाय. भाऊ असलेला बरा.” तिनं कागदावरच्या नावाकडे बघितलं. “नाव नंतर बदला. देवाला वाचता येतं, पण तो तेवढा खडूस नाही.”

लोक हसले आणि मिरवणूक हलायच्या बेतात आली. पण मेस्त्री हलला नाही. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर गेल्या. एका बाईनं सगळ्या गल्लीसमोर आपली जन्माची पुण्याई उधळून टाकली होती आणि हा माणूस चराच्या कडेला खांबासारखा उभा होता. एलोदियाला वाटलं, जमीन उघडी आहेच, आपण आत उतरावं.

“मला एक सांगायचंय,” मेस्त्री म्हणाला. आवाज इतका लहान, की पोरांना गप्प करावं लागलं. “न्हाणीघराकडची नळी चांगली होती.”

“काय?” तिबुर्सिओ म्हणाला.

“तडा नव्हता, मुळं नव्हती. अजून वीस वर्षं गेली असती. टाक्याकडचीही चांगली होती. मी फोडल्या.” त्यानं कपाळ पुसलं. “मला इथं यायचं होतं. रोज.”

तेओसेलोपासून हालापा शहरापर्यंत लोक निकांद्रो मेस्त्रीला एवढ्यासाठीच बोलावत की तो गरज नसताना एक फरशीही उचलत नाही. चाळीस वर्षांत कमावलेलं नाव होतं ते, आणि त्यातली बरीच गिऱ्हाइकं या अंगणात उभी होती. तिबुर्सिओ, ज्यानं त्या दोन्ही नळ्यांसाठी भर उन्हात सहा दिवस खणलं होतं, आधी लाल झाला, मग पांढरा, मग त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला. भाकऱ्या, कॉफी, पाऊण तासाची खूण, सगळं. त्यानं शेजारच्या पोराच्या हातातला बाण घेतला आणि पेटवला. बाण छपरांवरून सूं सूं करत गेला आणि फुटला. कबुतरं उडाली, गल्लीभरचे कुत्रे भुंकायला लागले, आणि एलोदिया हसायला लागली. डोळे मिटून, पोट धरून, कासिल्दाच्या खांद्याला लटकून. आपल्यासाठी कुणी चांगली नळी फोडली, हे तिला नऊ वर्षांतलं सर्वांत मोठं सुख वाटलं आणि ते तिनं तसंच्या तसं, सगळ्यांसमोर, त्याला सांगितलंही.

मेस्त्रीनं चर ओलांडायचा प्रयत्न केला, इस्त्रीच्या शर्टासकट एक पाय आत गेला, आणि एलोदियानं हात देऊन त्याला वर ओढलं. वर आल्यावर त्यानं हात सोडला नाही. तिनंही नाही.

“आणि बैठकीच्या खोलीखालची?” तिनं विचारलं. “तीही चांगली होती का?”

“नाही. ती खरंच गेली होती.”

“नीट बघितलंत ना मेस्त्री? नाहीतर उद्या पुन्हा उकरून बघू या.”

“बघावंच लागेल,” निकांद्रो म्हणाला, आणि कासिल्दा क्रूस घेऊन ओरडली की चला आता, मोले गार होतंय.